नोंदवह्या उलगडून देणाऱ्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,

सप्रेम जय ख्रिस्त.

आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) इतिहासाचे हस्तलिखित छापखान्यात गेले आहे. प्रस्तावनेत आपल्याविषयी दोन ओळींपेक्षा अधिक लिहू नये असा आपला आग्रह होता आणि समितीने तो पाळला. मात्र आम्ही आपले किती देणे लागतो हे नाशिकमधील आपल्या सर्व धर्मग्रामस्थांना कळावे, असे आम्हा सर्वांनाच वाटत असल्याने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

काम सुरू झाले तेव्हा आमच्या हाती चर्चच्या प्रवेशद्वाराजवळील फलक होता. त्यावर आजवरच्या धर्मगुरूंची नावे आणि त्यांच्या नेमणुकीची वर्षे आहेत. कोणत्या फादरांनी शाळेची खोली चर्चला जोडली, कोणी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटसाठी जागा मिळवली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहिता आले असते. परंतु ज्या कुटुंबांसाठी हे धर्मगुरू नाशिकला आले, ती कुटुंबे येथे कोठून आणि का आली, हे त्या फलकावर नव्हते. ते बाप्तिस्म्याच्या आणि विवाहांच्या नोंदवह्यांमध्ये होते आणि नोंदवह्या वाचणारे आपणच होता.

बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे त्या व्यक्तीच्या दृढीकरणाची (कन्फर्मेशन या संस्काराची) आणि विवाहाचीही नोंद करावी लागते, आणि विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला तर तेथील फादरांनी तो बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवावा लागतो, हा चर्चचा नियम आम्हाला ठाऊक होता. त्या नियमातून स्थलांतराचा माग काढता येतो, हे मात्र आपण दाखवून दिलेत. नगर जिल्ह्यातील संगमनेर, राहाता, केंदळ येथील जुन्या वह्यांच्या समासात नाशिक आणि नाशिकरोड ही नावे कोणत्या वर्षांपासून दिसू लागतात, हे आपण एकेक पान उलटून टिपलेत. कोणी सिक्युरिटी प्रेसमध्ये लागले, कोणी देवळालीच्या छावणीत, कोणी रेल्वेत. 1972 च्या दुष्काळानंतर गाव सोडलेली आणि पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये कामाला लागलेली कुटुंबे तर आपल्या चर्चच्या पहिल्या बाकांपासून शेवटच्या बाकांपर्यंत आजही बसलेली आहेत. गोवा, मंगळूर, तमिळनाडू आणि केरळमधून आलेल्या कुटुंबांच्या नोंदीही आपण तितक्याच आस्थेने लावल्यात. धर्मग्राम वाढला तो प्रामुख्याने या माणसांच्या पोटापाण्याच्या वाटांनी, हे आमच्या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे आणि त्याचे श्रेय निःसंशय आपले आहे.

जुन्या नोंदी लॅटिनमध्ये, जर्मन वळणाच्या बारीक अक्षरात आहेत. पुष्कळ ठिकाणी आडनाव नाही. केवळ संताचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव आहे. वहीतला लॉरेन्शियस म्हणजे घरचा लहानू, आणि तो कोणत्या वस्तीतला, हे त्या गावांत बालपण गेलेल्या आणि पुढे तेथेच धर्मशिक्षण देत हिंडलेल्या माणसावाचून कोण सांगणार? नाशिकमध्ये ख्रिस्ती म्हटले की लोकांना शरणपूर आठवते. ती प्रॉटेस्टंट मिशनची परंपरा आहे आणि तिचा मान मोठाच आहे, परंतु आपल्या कॅथलिक कुटुंबांचा धागा बव्हंशी नगरकडे जातो, हे आपण पुराव्यानिशी मांडून दिलेत. त्या कुटुंबांपैकी बहुसंख्य पूर्वी महार समाजातील होती ही गोष्ट पुस्तकात स्पष्ट लिहावी की नाही, यावर समितीत बराच खल झाला. ज्यांनी गावकीचा जाच सोसून हा धर्म स्वीकारला आणि टिकवला त्यांची ओळख पुसून त्यांचा सन्मान होत नाही, असे आपण शांतपणे म्हणालात, आणि ते प्रकरण आपल्या म्हणण्याप्रमाणेच छापले जात आहे.

धर्मगुरूंविषयीच्या प्रकरणालाही आपल्यामुळेच खोली आली. हेन्री डोअरिंग यांचे नाव आम्हाला 1903 मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू म्हणून माहीत होते. 1907 मध्ये ते पुण्याचे बिशप झाले, पहिल्या महायुद्धाने त्यांची आपल्या धर्मप्रांतापासून ताटातूट केली, मग त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला जावे लागले आणि तेथून ते पुन्हा पुण्याच्या धर्मप्रांतात परतले, हा सारा प्रवास आपण आम्हाला क्रमाने सांगितलात. त्याच महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून नंतर मायदेशी पाठवण्यात आले. त्या वर्षांत नोंदवहीतले अक्षर एकाएकी बदलते, काही पाने विरळ होतात, आणि मरणासन्न बालकांना त्या काळच्या मास्तरांनी, म्हणजे गावोगावच्या धर्मशिक्षकांनी, बाप्तिस्मा दिल्याच्या नोंदी येतात. त्यापाठोपाठ 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीतील मृत्यूंची पाने आहेत. ती वाचून दाखवताना आपण प्रत्येक नाव पूर्ण उच्चारलेत, एकही गाळले नाहीत.

पायी गावोगाव फिरणारा, प्रार्थना शिकवणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि फादर येईपर्यंत मंडळी एकत्र ठेवणारा मास्तर चर्चच्या इतिहासात सहसा एका वाक्यात संपतो. स्वतः मास्तर असूनही आपण त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण मागितले नाहीत. ते आम्ही मागितले. त्यात आपल्या सेवेविषयी जे लिहिले आहे ते कमी करावे ही आपली एकमेव सूचना आम्ही मानलेली नाही, याबद्दल क्षमस्व.

पुढचा भाग आपण झरझर लिहून दिलात, कारण तो आपल्या डोळ्यांदेखत घडला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली आणि टाळ-मृदंगाच्या साथीने गायन सुरू झाले. 15 मे 1987 रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, बिशप थॉमस भालेराव यांनी त्याची पहिली वीस वर्षे सांभाळली आणि नाशिक, नगर, जळगाव, धुळे व नंदुरबार या एवढ्या मोठ्या मुलुखाला स्वतःचा मेंढपाळ मिळाला. दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला लोटणारी गर्दी पाहणाऱ्या तरुणांना हे सारे पूर्वीपासून असेच होते असे वाटते. त्यांच्यासाठी आपण लिहिलेली ही पाने आम्हाला विशेष मोलाची वाटतात.

आपल्या टिपणवह्यांच्या छायाप्रती काढून मूळ वह्या येत्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या घरी पोहोचवू. छायाप्रती धर्मग्रामाच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी ठेवण्यास फादरांनी संमती दिली आहे. मुद्रितांचा पहिला संच आपल्याकडेच येईल. राहात्याच्या समासातील ज्या दोन विवाहनोंदींपुढे आपण प्रश्नचिन्ह ठेवले आहे, त्यांविषयी तेथील फादरांचे उत्तर आल्यावर तेही सोबत जोडू. तोवर ते पान छपाईसाठी सोडलेले नाही.

आपली कृतज्ञ,
सचिव, इतिहास समिती
नाशिक