एकोणतिसाचा पाढा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलले असते तर बाबांनी "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने "जेवलीस का?" विचारून विषय बदलला असता, म्हणून मुद्दाम कागदावर लिहीत आहे. हरभऱ्याला रात्रीच्या लाईटीवर पाणी देताना बाबांना चक्कर आली आणि ते दारे धरायचे सोडून बांधावर एकटेच बसून राहिले, ही गोष्ट मला तीन आठवड्यांनी आणि तीही धाकट्या काकांकडून कळली. मी रागावलेले नाही. थोडी रागावले आहे, पण ते आल्यावर बोलू.

आता जे लिहिते ते ऐकून घ्या. दादाने आणि मी ठरवले आहे आणि काकांना शब्दही दिला आहे, की या पाडव्यापासून माळाकडची चार एकर जमीन ते बटईने करतील. विहिरीजवळची दोन एकर बाबांकडेच राहील, पण तिथेही रात्रीचे पाणी द्यायला काकांचा मुलगा जाईल. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. विचारले असते तर तुम्ही "अजून हातपाय चालतात" म्हणाला असता, आणि ते खोटेही नव्हते, म्हणूनच विचारायचा धीर झाला नाही. सातबारा तुमच्याच नावावर आहे आणि कोणते बी पेरायचे हे काका तुम्हाला विचारूनच ठरवणार आहेत. सोसायटीचे कर्ज फिटलेले आहे आणि मागच्या हंगामात सोयाबीनच्या पट्टीतून खर्च वजा जाता काय उरले, ते तुमच्याच वहीत आहे. म्हैस कुठेही जाणार नाही, आईच्या चहाला घरचेच दूध राहील, हुरड्यापुरती ज्वारी विहिरीच्या तुकड्यात होईल आणि येळवशीच्या अमावास्येला कोपी आपल्याच रानात उभी राहून आंबिलाचे मडके आईच्याच हातचे असेल.

बाबा, ताण हे पुण्यातल्या लोकांचे दुखणे आहे असे तुम्ही म्हणता. रात्री पाण्याच्या पाटात साप दिसला की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, अंगात कुठून तरी बळ येते आणि साप निघून गेला की थोड्या वेळाने सगळे जागेवर येते. शरीराची ही सोय चांगलीच आहे. परंतु सोयाबीनचा भाव आणि पावसाचे आभाळ हे निघून न जाणारे साप आहेत. उशाखाली फोन ठेवून रात्री अकरा वाजता तुम्ही लातूरचा भाव पाहता, तेव्हा बाजार समिती बंद असते आणि सकाळपर्यंत तो भाव एक रुपयानेही हलणार नसतो. जागे राहता फक्त तुम्ही. भाव दिवसातून एकदा, सौदा झाल्यावर पाहावा. रात्री जेवण झाले की फोन देवळीत ठेवावा आणि बातम्यांचा टीव्हीही बंद करावा, म्हणजे आईलाही तिचा डोळा लागेपर्यंत कोणाचे भांडण ऐकावे लागणार नाही.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते, घाबरू नका. मागच्या आषाढात कार्यालयाच्या जिन्यात माझी छाती इतकी धडधडू लागली, हाताला मुंग्या आल्या, की मला वाटले आता संपले. ईसीजी काढला, तो नीट निघाला. डॉक्टरांनी ताणामुळे असे होऊ शकते असे सांगितले. पण डॉक्टरांकडे पोचायच्या आधी, त्या जिन्यात बसल्या बसल्या, मी एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागले. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होतो, तेव्हा ट्रक गेला तरी मी किंचाळून उठायचे आणि बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "सावकाश म्हण, घाई नाही." दोनाचा पाढा पाठ असल्यामुळे भीती मध्ये घुसते, म्हणून तुम्ही एकोणतिसाचा द्यायचात. एकोणतीस साते दोनशे तीनवर मी तेव्हाही अडायचे आणि त्या जिन्यातही अडले. पण तिथपर्यंत येता येता श्वास खाली आला होता.

हेच आता तुम्ही करायचे आहे, निराळे काही शिकायचे नाही. श्वास सावकाश घ्यायचा, सोडताना आणखी सावकाश सोडायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतक्या संथपणे, पाच-दहा मिनिटे. घड्याळ लावून बसणे जमणार नसेल तर हरिपाठ आहेच. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. आपला हरिपाठ त्यांनी मोजला नव्हता, पण मारुतीच्या देवळात तो संथ लयीत चालला की काय होते हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गुडघ्याचे निमित्त करून तुम्ही तिथे जाणे सोडले आहे, ते पुन्हा सुरू करा. चार माणसांत बसून बोलल्याने जे हलके होते ते गोळीने होत नाही.

रक्तदाबाची गोळी मात्र बंद करायची नाही. आकडा १४० आणि ९० च्या खाली आला म्हणून गोळी सोडणे म्हणजे पाऊस लागत नाही म्हणून छत काढून टाकण्यासारखे आहे. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहा नको, आणि आकडा वहीत लिहावा. सहानंतरचा चहा बंद, कारण त्यातले अर्धे कॅफिन रात्री अकरापर्यंत अंगात असते.

आणि आई, तुझी मिश्री. ती लावल्याशिवाय डोके शांत होत नाही असे तू म्हणतेस, पण ती शांतता फक्त मिश्रीची तलफ भागल्याची असते. तंबाखू तर नाडी आणि रक्तदाब वाढवतेच. एका दिवसात सोड असे मी म्हणत नाही. दुपारची एक वेळ आधी कमी कर आणि त्या वेळी माझ्याशी बोल, मी तेव्हा जेवणाच्या सुट्टीत असते. बाबा कधी फारच गप्प राहिले, जेवणावरून उठू लागले, तर वाट न बघता मला कळव, किंवा १४४१६ वर फोन कर. ती मनाच्या त्रासासाठीची सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. नंबर मी पंचांगाच्या मागे लिहून ठेवला होता, पाहून घे.

पाडव्याला दोन दिवस आधी येते. बाबा, तोवर माझ्यावर अबोला धरायचा असेल तर धरा, मात्र रोजचा आकडा पाठवा.

तुमची
धाकटी

ता. क. आई, हे पत्र बाबा तुला वाचून दाखवतील तेव्हा मिश्रीचा भाग मोठ्याने वाचतील आणि रात्री अकरा वाजता भाव पाहण्याचा गाळतील. म्हणून शेजारच्या वहिनींकडून एकदा पुन्हा वाचून घे.