बाबांच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल

आई, बाबा,

आईनं रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हापासून तोच उघडून पाहून राहिली मी. हिमोग्लोबिन १८.२, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा, ५५ टक्के. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी केली म्हणून समजलं तरी. आई सांगत होती का बाजूचे काका म्हणाले, रक्त जास्त म्हणजे चांगलंच, अंगात ताकद हाये. आपल्याकडे सिकलसेल अन् रक्त कमी हेच ऐकत आलो आपण, त्यामुळे जास्त निघालं का माणूस खूश होते. पण तसं नसते बाबा. लाल पेशी जास्त झाल्या का रक्त घट्ट होते अन् कुठंतरी गाठ धरायची भीती राहते. पुरुषात हिमोग्लोबिन १६.५ च्या किंवा हिमॅटोक्रिट ४९ च्या वर गेलं का डॉक्टर कारण शोधतात.

कारण साधंही असू शकते. त्या दिवशी तुम्ही भर मे महिन्यात, सकाळपासून उपाशी, पाण्याचा घोट न घेता एसटीनं गेले. वरणातलं पाणी आटलं का डाळ तेवढीच असून वरण घट्ट होते ना, तसंच हे. म्हणून दोन-तीन दिवस नीट पाणी पिऊन तपासणी पुन्हा करायची.

पण मला खरी काळजी विडीची आहे. रागावू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड लाल पेशीत ऑक्सिजनची जागा अडवते, मग किडनीला वाटते ऑक्सिजन कमी पडून राहिला, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते अन् हाडातला मगज आणखी पेशी बनवते. रात्री तुम्ही घोरता घोरता मधेच श्वास थांबते, आई घाबरून उठवते तुम्हाला, त्यानंही असंच होते, म्हणून हे डॉक्टरला नक्की सांगायचं, लाजायचं नाही. फुफ्फुसाच्या, हृदयाच्या, किडनीच्या काही आजारातही पेशी वाढतात.

एक कारण लपवत नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात, त्यात मगजच आपल्या मनानं पेशी बनवत सुटते. रक्ताचाच कॅन्सर आहे पण हळू चालणारा, जॅक-टू नावाच्या जीनच्या तपासणीत बहुतेक वेळा सापडते, अन् त्याला उपचार आहे, थोडं थोडं रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवतात. गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर अंग खाजते का बाबा? डोकं जड राहते का? आई, तूच नीट पाहून सांग, ते म्हणतील काही नाही.

अन् ते रक्तवाढीचं लाल टॉनिक काहून चालू आहे अजून? लोहाचं आहे ते, डॉक्टरला दाखवल्याशिवाय आता एक चमचाही नको. कोणी सांगितलं म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्याही घेऊ नका. एकाच पायाला सूज आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं तर माझ्या फोनची वाट पाहायची नाही, लगेच १०८ ला लावायचा.

मी शुक्रवारी रात्री पुण्याहून निघते, शनिवारी सकाळी सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात सोबतच जाऊ. जुने रिपोर्ट असतील तेवढे पिशवीत काढून ठेव आई, आधी आकडे किती होते ते डॉक्टर विचारतीलच.

तुमची,
ताई