माहितीपट पूर्ण होण्याआधी तो साक्षीदाराला दाखवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विदर्भावरील माहितीपटांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. दिग्दर्शकांची चिकाटी, गडचिरोलीच्या जंगलात कॅमेरा घेऊन हिंडण्यातली जोखीम, महोत्सवांत मिळालेली दाद या सगळ्यांची त्यात नोंद आहे. संकलनाबद्दल मात्र एक वाक्यही नाही. नागपुरात राहून याच प्रकारच्या माहितीपटांचे संकलन करणारा म्हणून मी हे लिहीत असलो, तरी गाऱ्हाणे श्रेयाचे नाही. (पडद्यावर आमचे नाव येते तोवर प्रेक्षक चपला शोधत असतो, याची सवय झाली आहे.) मुद्दा निराळा आहे. मानवी हक्क, संघर्ष, सामाजिक बदल अशा विषयांवरच्या माहितीपटांत लोक कॅमेऱ्यासमोर साक्ष देतात. पण त्या साक्षीतून प्रेक्षकाला काय कळणार हे ठरते त्यांच्या माघारी, शहरातल्या एखाद्या बंद खोलीत. म्हणून माहितीपट पक्का करण्याआधी ज्याची साक्ष त्याला ती कापलेल्या रूपात दाखवणे, ही केवळ सौजन्याची गोष्ट न राहता कामाचा नियम व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

तासाभराच्या माहितीपटासाठी पन्नास-साठ तासांचे चित्रीकरण सहज होते. म्हणजे लोकांनी जे सांगितले त्यातले बहुतेक सारे प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. हे अटळ आहे आणि त्यात गैर काही नाही. अडचण उरलेल्या भागाची आहे, कारण तोही जसाच्या तसा नसतो. यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचे बोलणे साधारण असे असते : 'कर्ज तं होतंच. बँकेचं थोडं, बाकी सावकाराचं. बोंडअळीनं कापूस गेला तं मंग ते कोनासंग बोलेचना. कर्जाची मले फिकीर नव्हती, त्याईच्या गप्प राह्यन्याची होती.' संकलकापुढे हे सर्व टाइमलाइनवर एका पट्टीसारखे पडलेले असते. मधली पाच सेकंदांची शांतता काढली, 'बँकेचं थोडं' काढले, 'कोनासंग बोलेचना' आणि शेवटचे वाक्य 'विषयाला सोडून' म्हणून काढले, की हाती येते : 'कर्ज तं होतंच. बाकी सावकाराचं. बोंडअळीनं कापूस गेला.' जिथे कात्री लागली तिथे चित्र उडी मारते. ती उडी झाकण्यासाठी वर बाईच्या हातांचा किंवा वाळलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, एखादा शॉट ठेवायचा, आणि खाली खोलीतला निव्वळ आवाज, म्हणजे पंख्याची घरघर, दूरची कोंबडी, अखंड पसरून द्यायचा. हे नीट जमले तर जगातल्या कोणत्याही प्रेक्षकाला इथे तीन तुकडे जोडले आहेत याचा पत्ता लागत नाही. आमच्या धंद्यात यालाच सफाई म्हणतात.

या सफाईचे परिणाम कागदोपत्रीही होऊ शकतात. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात राज्य शासन १ लाख रुपयांची मदत देते. परंतु प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते, आणि कर्ज कोणाचे होते, ते थकले होते का, आत्महत्येचे कारण शेतीच होते का, हेच तिथले कळीचे प्रश्न असतात. ज्या बाईचे प्रकरण अजून समितीपुढे आहे तिच्या तोंडून 'बँकेचं थोडं' गळाले आणि तो माहितीपट तालुक्यात मोबाइलवरून फिरला, तर तिला काय काय ऐकावे लागेल याचा अंदाज नागपुरातल्या संकलकाला नसतो. तिला स्वतःला मात्र तो पहिल्या पाच मिनिटांत येईल. शिवाय तिचे शेवटचे वाक्य गेल्याने तिच्या दुःखाचे खरे कारणच गेले. उरले ते आपल्याला आधीपासून ठाऊक असलेले कारण.

आपल्याशी सहमत असलेल्या माणसाचे बोलणे कापतानाच संकलक अधिक बेफिकीर होतो, असे माझे निरीक्षण आहे. विरोधी बाजूच्या माणसाबाबतची लबाडी निदान ओळखू तरी येते. अधिकाऱ्याने मुलाखत सुरू होण्यापूर्वी पाण्याचा घोट घेतलेला असतो. तो घोट 'गोळीबाराचा आदेश कोणी दिला?' या प्रश्नानंतर आणि 'माहिती नाही' या उत्तराआधी बसवला, की तो माणूस गुन्हेगार दिसू लागतो. त्याच्या उत्तरातला एक शब्दही बदललेला नसतो. अशा युक्त्यांना सामाजिक बांधिलकीच्या नावाखाली माफी मिळू नये.

क्रमाइतकाच वेगही अर्थ बदलतो, हे न्यायालयातही दिसलेले आहे. १९९१ च्या मार्चमध्ये लॉस एंजलिस येथे पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या घराच्या बाल्कनीतून चित्रित केली होती. खटल्यात बचाव पक्षाने तीच चित्रफीत संथ गतीने, एकेक चौकट थांबवून ज्युरीला दाखवली; सलग पाहताना जी निव्वळ मारहाण होती तिच्या प्रत्येक क्षणाला स्वतंत्र स्पष्टीकरण मिळत गेले. १९९२ च्या एप्रिलमध्ये पोलीस सुटले आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. चित्रफितीत कोणी काहीही घातले नव्हते आणि त्यातून काही काढलेही नव्हते.

माहितीपट संपवायचा कुठे, हा तर संकलनातला सर्वांत मोठा निर्णय. नागपूरकरांना यासाठी लांब जायला नको. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या समाजाच्या बाजूने, अनुसूचित जमातीच्या सवलतींबाबत निकाल दिला. तेव्हा कोणी या मृतांच्या स्मारकापाशी उधळलेल्या गुलालावर माहितीपट संपवला असता, तर तो पाहणाऱ्याला समाधान वाटले असते. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. गुलालाचा शॉट खराच राहिला असता. शेवट म्हणून मात्र तो टिकला नसता. गोवारी वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला कच्चा कट दाखवला असता तर 'एवढ्यात संपलं म्हणू नका' असे त्याने कदाचित आधीच सांगितले असते, कारण निकालांची वाट पाहण्याची सवय त्याला आपल्यापेक्षा जास्त आहे.

ओळख लपवण्याचा प्रश्न याहून तातडीचा आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि थेट नावच नव्हे तर ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ साली बजावले आहे. तरीही चेहरा धूसर केला की काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे पोलिसांशी बोलल्याचाही संशय घेतला जातो आणि न बोलल्याचाही, तिथे गावकरी माणूस चेहऱ्यावरून ओळखायला जातच नाहीत. अंगणातले बांबूचे कुंपण, दाराच्या चौकटीचा निळा रंग, मागे अर्धवट दिसणारी शाळेची पाटी, बोलताना मान झटकण्याची लकब, आवाज – एवढे पुष्कळ होते. आवाज यंत्राने जाड केला तरी बोलण्याची ढब तीच राहते. फ्रेममधल्या कोणत्या वस्तूने घात होईल हे त्या गावचा माणूस सांगू शकतो, आणि तेही पडद्यावर पाहिल्यावरच. चित्रीकरणाच्या दिवशी त्याला ते सुचणार नाही. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो तोही त्याच दिवशी, ज्या दिवशी त्या चित्रीकरणाचे पुढे काय होणार हे खुद्द दिग्दर्शकालाही ठाऊक नसते.

साक्षीदारांना दाखवत बसलो तर प्रत्येक जण कापाकापी सुचवील आणि माहितीपटाची धार जाईल, असा आक्षेप आमच्या क्षेत्रातले ज्येष्ठ घेतात. त्यात तथ्य आहे. म्हणून मी दोन प्रकारच्या माणसांत फरक करतो. ज्याने आपल्यावर गुदरलेले सांगितले त्याला आपल्या बोलण्याचा अर्थ बदलला असेल तर तो दुरुस्त करून घेण्याचा आणि जिवाला धोका असेल तर भाग काढून टाकायला लावण्याचा अधिकार असावा. जो पदावर आहे, मंत्री, अधिकारी, कंपनीचा व्यवस्थापक, त्याला असा अधिकार मुळीच नसावा. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे आणि त्याला विचारलेल्या प्रश्नासह दाखवले, की आपले कर्तव्य संपले. या दोन टोकांच्या मध्ये येणाऱ्यांचे, उदाहरणार्थ गावच्या पोलीस पाटलाचे काय करायचे, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागेल. मला त्याचे तयार सूत्र सापडलेले नाही.

न दाखवल्याने होणारी कटुता काही काल्पनिक नाही. बुंदेलखंडातील 'खबर लहरिया' या महिलांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट ऑस्करच्या अंतिम यादीत पोचला. परंतु २०२२ च्या मार्चमध्ये, सोहळ्याला काही दिवस उरले असताना, त्या संस्थेनेच निवेदन काढून सांगितले, की माहितीपट प्रभावी असला तरी आपले काम जणू एकाच राजकीय पक्षाभोवती फिरते असे त्यात दिसते आणि ते खरे नाही. दाखवलेली दृश्ये खोटी आहेत असे त्या महिलांचे म्हणणे नव्हते. हरकत होती ती निवडीला. निवड हीच संकलनाची भाषा असल्यामुळे ही हरकत दिग्दर्शकाइतकीच आम्हा संकलकांनीही मनावर घ्यायला हवी.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांना 'जय भीम कॉम्रेड' करायला चौदा वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला हा माहितीपट २०११ मध्ये पूर्ण झाला, तो तीन तासांहून मोठा आहे, आणि त्याचे संकलन पटवर्धनांनी स्वतः केले आहे. प्रत्येकाला असा काळ मिळणार नाही, हे उघड आहे. विदर्भात बहुतेक माहितीपट स्वयंसेवी संस्थांसाठी होतात. देणगीदाराला मार्चअखेर दहा मिनिटांचा कट हवा असतो आणि समाजमाध्यमांसाठी त्यातूनच साठ सेकंदांची रील. पूर्ण माहितीपटात ज्या बाईला निदान चार वाक्ये मिळाली होती तिचा रीलमध्ये नुसता हुंदका उरतो, खाली बासरी वाजते, आणि ती रील तिने कधी पाहिलेली नसते. माझ्या मते रीलसाठीही वेगळी संमती घ्यायला हवी. चित्रीकरणाचा जो खर्च धरला जातो त्यात गावात परत जाऊन माहितीपट दाखवण्याचा एक फेरा, गाडीभाड्यासह, आधीच लिहून ठेवला तर तो पुढे कोणाला भारी वाटणार नाही. लॅपटॉप आणि दोन स्पीकर एवढ्यावर हे काम होते. वीज गेली तर संध्याकाळ थोडी लांबते, इतकेच.

जाता जाता न कापलेल्या चित्रीकरणाविषयी. काम संपले की हार्ड डिस्क रिकामी करून पुढच्या कामाला लावण्याची आमच्याकडे रीत पडली आहे. कापलेला माहितीपट न्यायालयात फारसा उपयोगी पडत नाही. तिथे मूळ फाइल लागते, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिच्यासोबत हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक) प्रमाणपत्र द्यावे लागते. शिवाय जुने चित्रीकरण पुसले गेले की मग कोणत्याही मोर्चाचे दृश्य कोणत्याही वर्षी खपवता येते. वर्धा रोडवर मेट्रोचे खांब दिसत नाहीत म्हणून तो शॉट मेट्रो येण्याआधीचा आहे, हे आपल्याला इथे ओळखता येते. मुंबई-दिल्लीच्या प्रेक्षकाला नाही. हिवाळी अधिवेशनांच्या काळात यशवंत स्टेडियमपासून निघालेले कितीतरी मोर्चे स्थानिक कॅमेरामनांनी व्हीएचएस आणि बीटाकॅमच्या टेपांवर टिपलेले आहेत. त्या टेपा आज कोणाच्या माळ्यावर नागपूरच्या उन्हाळ्यात तापत पडल्या आहेत, याची नोंद घेण्याचे काम शहरातील एखादे विद्यापीठ किंवा ग्रंथालय करू शकेल, आणि आपल्या वृत्तपत्राने वाचकांना आवाहन केल्यास त्याला चांगली सुरुवात मिळेल.

पुरवणीत यापुढे माहितीपटांची परीक्षणे येतील तेव्हा समीक्षकांनी दिग्दर्शकाला एवढे जरूर विचारावे, की ज्यांच्या मुलाखती यात आहेत त्यांनी हा माहितीपट पाहिला का, कधी पाहिला, आणि पाहिल्यावर त्यात काय बदलले. उत्तर 'अजून दाखवला नाही' असे आले तर तेही छापावे.

आपला विश्वासू,
एक माहितीपट संकलक,
नागपूर