पडताळणी पैसे भरण्याआधीच हवी

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या अल्पमुदतीच्या आरोग्यविम्यावरील आपला लेख वाचला. ‘पॉलिसी हाती आल्यावर अटी नीट वाचा’ हा त्यातला सल्ला मात्र अपुरा वाटतो. नव्या आरोग्य पॉलिसीला मिळणारी ३० दिवसांची फेरविचाराची (म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करण्याची) मुदत वर्षापेक्षा कमी कालावधीच्या पॉलिसीला लागू नसते. म्हणजे तपासायचे ते पैसे भरण्यापूर्वीच.

आमच्या शेजारच्या काकांना अमेरिकेला निघण्याच्या आठवड्यात ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ असा फोन आला. त्यांनी यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात रक्कम पाठवली. पीडीएफ आली, पण त्या क्रमांकाची पॉलिसी कंपनीकडे नव्हतीच. सत्तरीतला मधुमेही माणूस विम्याविना विमानात बसला असता, या विचाराने आजही धस्स होते.

प्रत्येक आरोग्यविमा योजनेला यूआयएन हा ओळख क्रमांक असतो. तो आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. हप्ता विमा कंपनीच्याच नावे भरावा. आयआरडीएआय स्वतः पॉलिसी विकत नाही, हेही ज्येष्ठांना घरच्यांनी सांगून ठेवावे. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

– एक वाचक, डोंबिवली