कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेत

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल, शिवाय तुमच्या खिडकीसमोरची रांग माटुंगा स्टेशनपर्यंत जाईल ती वेगळीच. माझंही नाव नको. ‘मस्कतवाली बॉटनी’ म्हटलं की तुम्हाला फाईल आठवेल, कारण तुमच्या ऑफिसात आमच्या लेकीचं नाव तेच पडलं होतं.

विद्यापीठाकडून तिची एलिजिबिलिटी, म्हणजे परदेशी बोर्डातून येऊन इथे प्रवेशाला पात्र असल्याची मान्यता, पक्की होऊन आली तेव्हा पेढे घेऊन आले होते. तुम्ही अर्धा पेढा मोडून घेतलात, ‘शुगर आहे हो’ म्हणालात आणि बॉक्स शिपायाकडे सरकवलात. मागे गर्दी होती, मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

आम्ही मुलुंडहून मस्कतला गेलो तेव्हा लेक बालवाडीत होती. घराजवळच्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला आणि ती तिथेच शिकली. दहावीला आयजीसीएसई, पुढे बारावीला ए लेव्हल, दोन्ही परीक्षा केंब्रिज बोर्डाच्या. ‘इंडियन स्कूलमध्ये घातलं असतंत तर सीबीएसई झालं असतं, एवढा ताप झाला नसता,’ असं आमचे नातेवाईक अजून लग्नाकार्यात ऐकवतात. खरंही आहे ते. आखातातली सीबीएसईची शाळा शेवटी भारतीय बोर्डाचीच, तिला समकक्षता, म्हणजे आपल्या बारावीच्या बरोबरीचं असल्याचा दाखला, वगैरे लागत नाही. पण म्हणून काय बारा वर्षं मागे जायचं?

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका कॉलेजात गेलो होतो. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ‘बारावीला तीनच विषय? आणि इंग्लिश कुठाय?’ मी सांगायला लागले, तोवर त्यांनी ‘हे आमच्यात बसत नाही’ म्हणून पुढच्याला बोलावलंदेखील. मग कोणीतरी सुचवलं म्हणून फोर्टातल्या एका कन्सल्टंटकडे गेलो. दिल्लीला माणूस पाठवून समकक्षतेचं काम करून आणतो म्हणाले, आणि त्या माणसाच्या विमानाच्या तिकिटासकट रक्कम सांगितली.

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत ते मला अजून दिसतं. जून महिना, माझी ओढणी भिजलेली, फोल्डरमधून पाणी गळतंय. तुम्ही आधी कागद फडक्याने टिपलेत. मग लेकीचा आयजीसीएसईचा निकाल आणि तिला ए लेव्हलला असलेल्या विषयांचं शाळेचं पत्र, दोन्ही टेबलाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवलंत आणि स्टीलची पट्टी आयजीसीएसईच्या कागदावर एका ओळीखाली लावलीत. ‘इंग्लिश हे बघा, इथे आहे. ह्यांची दहावी आणि बारावी एकत्र वाचायची असते. आयजीसीएसईला इंग्लिश धरून पाच विषय आणि त्यावर ए लेव्हल, असं मिळून आपली बारावी होते.’ एवढंच. बीएस्सीसाठी बायो, केमिस्ट्री आणि मॅथ्स हे विषय तिच्याकडे होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कोणीतरी तो कागद नीट वाचला होता!

खरी अडचण त्यानंतर होती, ती म्हणजे कॅलेंडरची. आपल्याकडे बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि पाठोपाठ मेरिट लिस्टा सुरू होतात. केंब्रिजची मे-जूनची परीक्षा संपायलाच जून उजाडतो, निकाल थेट ऑगस्टमध्ये. म्हणजे इथे तिसरी लिस्ट लागून लेक्चर्स सुरू होतात तेव्हा आमच्या हातात काहीच नाही. तुम्ही लेकीला विचारलंत, ‘बाळ, घ्यायचंय काय?’ ती बॉटनी म्हणाली तेव्हा तुम्ही हसलात. ‘मग ऑगस्टमध्येही जागा असेल. सेल्फ फायनान्सच्या, म्हणजे विनाअनुदानित कोर्सपैकी काही मागितलं असतंस तर माझा नाइलाज होता.’ बॉटनीचं हे भाग्य की दुर्दैव, ते तुमच्या विभागप्रमुखांनी ठरवावं.

आणि मग तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंत. निकालावर अडलेलं काय आणि न अडलेलं काय, असे दोन भाग. विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आत्ताच करा. आयजीसीएसईचे कागद, पासपोर्ट, शाळेच्या मान्यतेचं पत्र आत्ताच गोळा करा. समकक्षता देणाऱ्या एआययूच्या, म्हणजे दिल्लीच्या भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पोर्टलवर खातं उघडून ठेवा, अर्ज ऑनलाइन असतो, माणूस पाठवायला लागत नाही. त्या विमानाच्या तिकिटाचं मी तुम्हाला काही बोलले नव्हते, पण तुम्हाला बहुधा ठाऊक असावं.

त्या कागदावरची एक ओळ तुम्ही दोनदा अधोरेखित केली होतीत: ‘दाखला इकडे आणू नका.’ मला कळेना. तुम्ही विचारलंत, मिस्टर अजून तिकडेच आहेत ना? मग शाळा सोडल्याचा दाखला तिथेच राहू दे. परदेशातला दाखला त्याच देशाच्या परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. एकदा मुंबईत आणला की तो पुन्हा परत पाठवायचा. अपॉस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा प्रमाणनाचा एकच शिक्का. ओमान २०१२ पासून त्या करारात आहे, भारत २००५ पासून, त्यामुळे ह्यांनी मस्कतमध्ये एक अपॉस्टिल घेतलं आणि काम झालं. करारात नसलेल्या कुवेतहून आलेल्या एका मुलाला तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घेऊन वर आपल्या वकिलातीचाही घ्यावा लागला होता आणि त्यात त्याची दिवाळी गेली, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. मॅडम, ही माहिती मी इंटरनेटवर शोधली होती. सगळी होती तिथे. फक्त कशाच्या आधी काय, हे कुठेच नव्हतं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला आणि पुढचं कोडं आलं. कॉलेजच्या फॉर्मला टक्के हवेत, लेकीकडे अक्षरं: ए, ए आणि बी. अंदाजे टक्के भरून द्या, असा सल्ला आम्हाला घरी मिळाला होता. तुम्ही म्हणालात, अंदाज कशाला, शाळेकडून निकालपत्र मागवा, त्यावर ग्रेडशेजारी टक्के छापलेले असतात. होतेच! ए म्हणजे ८० ते ८९, बी म्हणजे ७० ते ७९, आणि त्या पट्ट्यात नेमके किती तेही. शिवाय बजावलंत की ऑक्टोबरच्या सुमारास झोकदार सर्टिफिकेट येईल, त्यावर हे टक्के नसतील, तेव्हा हा साधा कागद रद्दीत घालू नका. विद्यापीठाच्या फॉर्मला ‘ओरिजिनल’ सर्टिफिकेट हवं होतं, तिथेही ते ऑगस्टमध्ये अस्तित्वातच नसतं हे तुम्ही प्राचार्यांच्या सहीच्या पत्रात लिहून दिलंत आणि आमच्याकडून हमीपत्र घेतलंत. प्रोव्हिजनल प्रवेश झाला.

तुम्ही आमच्यासाठी एकही नियम वाकवला नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी ही गोष्ट सांगितली की लोक हळूच विचारतात, ‘ओळख होती का?’ ओळख नव्हती. फी जेवढी तेवढीच भरली, लेट फीसकट. एका झेरॉक्सवर साक्षांकनाची सही नव्हती तर तुम्ही आम्हाला भर पावसात परत पाठवलं होतंत, तेव्हा मनात मी काय म्हणाले ते इथे नको.

एक विनंती आहे. तो पाठकोरा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय, पण त्याची जागा आमच्या कपाटात नाही. दर वर्षी आखातातून, आफ्रिकेतून, सिंगापूरहून मुलं मुंबईत परत येतात. कॉलेजच्या सूचनाफलकावर तो टाइप करून लावला तर तुमचा घसाही वाचेल. प्राचार्यांना मी तसं पत्र दिलंय, तुम्हाला न विचारता. आता ओरडा.

लेकीचं पहिलं सत्र झालं. बॉटनीच्या जर्नलमधल्या आकृत्या छान काढते. मराठीचा पेपर मात्र तिला जड गेला, त्याला तुमच्याकडे इलाज नसणार.

आणि हो, नणंदेचा मुलगा पुढच्या वर्षी दोहाहून येतोय. सीबीएसईचा आहे, घाबरू नका, त्याला फक्त बोर्ड बदलल्याचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. तुमच्याच खिडकीवर पाठवते आहे. झेरॉक्सवर सह्या करूनच पाठवेन.

तुमची,
मस्कतवाल्या बॉटनीची आई
मुलुंड