मागच्या रांगेतली जागा

चि. पिंट्यास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तुझ्या दाराखालचा उजेड आत्ताच गेला, पण तू जागा आहेस हे मला ठाऊक आहे. गुरुवारच्या तालमीनंतर गाडीत तू एक शब्द बोलला नाहीस. शुक्रवारी जेवायला खाली आला नाहीस. आणि आज आईला सांगितलंस की चर्चचा क्वायर, आपलं गायनमंडळ, सोडायचा आहे. समोर बसून बोलायला गेलो की माझाच घसा दाटतो आणि तू 'ठीक आहे बाबा' म्हणून विषय मिटवतोस. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय. दहा वर्षांचा होईपर्यंत तू पुण्यात होतास, मराठी नीट वाचतोस. हे सगळं इंग्रजीत लिहायला मला जमलं नसतं.

गुरुवारी मी तुझ्या मागेच होतो, पुरुषांच्या रांगेत. नाताळच्या नऊ वाचनांच्या उपासनेची तालीम, पहिला कॅरल, म्हणजे नाताळगीत, आणि त्याचं पहिलं कडवं. ऑर्गन नाही, साथ नाही, फक्त तू. सुरुवात किती स्वच्छ झाली होती! मरियेचं नाव येतं त्या ओळीला सूर वर चढतो, तिथे आवाज दुभंगला. मास्तरांनी परत घ्यायला सांगितलं. परत तिथेच दुभंगला. पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तू फोल्डर मिटलास, पेन्सिल फोल्डरच्या खाचेत नीट खोचलीस आणि बसलास. एवढा अपमान वाटत असतानाही तू पेन्सिल जागेवर ठेवलीस, हे माझ्या मनातून जात नाही.

तुझा आवाज फुटतोय, बाळा. तो खराब झालेला नाही. गळ्यातलं स्वरयंत्र वाढतं, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि पट्टी हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरते. हे एका रात्रीत होत नाही. मधले कित्येक महिने गळ्याला आपली नवी लांबी कळत नाही. काल लागलेला सूर आज लागत नाही. यात तुझी मेहनत कमी पडली असं काहीच नाही. हायडनसुद्धा व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गाणारा पोरगा होता. आवाज फुटला तसं त्याला तिथून काढून टाकलं आणि ऐन तारुण्यात तो रस्त्यावर आला. आपल्याकडे तसं कुणी कुणाला काढत नाही. या गोष्टीचं मोल मला फार वाटतं, आणि का वाटतं ते पुढे लिहितो.

ज्या उपासनेसाठी तू दोन महिने घासलंस, तिचा इतिहास मी तुला मागे सांगितला होता. इंग्लंडात ट्रुरोला १८८० साली तिची सुरुवात झाली. १९१८ मध्ये, महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ती घेतली आणि १९२८ साली ती पहिल्यांदा रेडिओवर आली, पुढे जगभर गेली. तिथे ते पहिलं कडवं कोण गाणार हे ऐन वेळी ठरतं. दोन-तीन मुलं तयार केलेली असतात, सगळे रांगेत उभे राहिले की मास्तर त्यांतल्या एकाला खूण करतात. मला विचारशील तर आपल्या मास्तरांची पद्धत बरी, आधी सांगायचं आणि मुलाला तयारीला वेळ द्यायचा. पण इथे काय किंवा तिथे काय, त्या जागेवर कुठलाच मुलगा दोन-तीन नाताळांपेक्षा जास्त उभा राहिलेला नाही. गेल्या वर्षी तू गायलास. तेव्हा आपल्या चर्चमध्ये दिवे मालवलेले होते, आई माझ्याकडे न बघता माझा हात धरून होती, आणि मी मागे उभा राहून माझं पुढचं कडवं सुरू करायचं विसरलो होतो. ते झालेलं आहे. ते कुणी पुसू शकत नाही.

आता माझी गोष्ट. ही तुला मी कधी सांगितलेली नाही, आईलाही अर्धीच माहीत आहे.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा गुरुवार पेठेत राहायचो, पंचहौदच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. नाताळच्या आधी आठ-दहा रात्री आम्ही पोरं घरोघर कॅरल म्हणत फिरायचो. पुढे कंदील, मागे ढोलकी, आणि तुझे आजोबा गळ्यात पट्टा अडकवून पेटी घेऊन. वरच्या सुरात मीच असायचो. एका रात्री एका वाड्याच्या दारात माझा आवाज तुझ्यासारखाच फुटला. पोरं हसली. वाईट मनाने हसली नव्हती, पण हसली. दुसऱ्या रात्री मी घसा दुखतो म्हणून घरी राहिलो. तिसऱ्या रात्रीही. त्यानंतर मी गाणं बंद केलं, ते चोवीस वर्षं. रविवारी उपासनेत उभा राहायचो, हातात 'उपासना संगीत', आपलं मराठी गीतपुस्तक, उघडं असायचं, ओठ हलायचे. आवाज काढायचो नाही.

कुणी मला काही विचारलं नाही. आजोबांना वाटलं असेल, पोराचं मन उडालं. ते पहाटे उठून पेटीवर एकच सूर धरून खर्ज लावायचे. भिंतीपलीकडे मी अंथरुणात पडून ऐकत राहायचो आणि मनात तोच सूर धरायचो. उठून त्यांच्या शेजारी बसायला चार पावलं होती. ती मी टाकली नाहीत. इथे यायला निघालो तेव्हा त्यांनी स्वतःचं 'उपासना संगीत' माझ्या बॅगेत ठेवलं आणि म्हणाले, "तिथं कुणी म्हणो न म्हणो, घरात म्हणा." आपण येऊन आठ महिने होतात तोच ते गेले. त्यांच्याबरोबर बसून मला एकदाही खर्ज लावता आला नाही, आणि आता लावता येणार नाही.

इथला तो पहिला जानेवारी तुला आठवतो का? अमेरिकेत हार्टफर्डला माझी नवी नोकरी, बर्फ गुडघ्याएवढं, आईला रस्ते कळत नव्हते, तुला शाळेत मित्र नव्हता. पुण्याच्या पाळकसाहेबांनी पत्र दिलं होतं म्हणून आपण या एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या अँग्लिकन परंपरेतल्या, पॅरिशमध्ये आलो. आपलं उत्तर भारतीय चर्च १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं, त्यात अँग्लिकनही होते. त्यामुळे इथल्या प्रभुभोजनात आपण पहिल्या दिवसापासून घरचे होतो. या लोकांचा इतिहासही मला जवळचा वाटतो. स्वातंत्र्ययुद्धानंतर इथे, कनेटिकटमध्येच, त्यांना स्वतःचा बिशप हवा होता. पण इंग्लंडात दीक्षा घ्यायची तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. म्हणून सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ साली अ‍ॅबर्डीनला दीक्षा घेऊन परत आले. दारावरच्या ढालीत निळ्या चौकोनात नऊ लहान क्रूस आहेत ना, ते स्कॉटलंडच्या क्रूसाच्या आकारात मांडलेत ते त्यासाठी. पहिल्या नऊ डायोसीसची, म्हणजे बिशपांच्या प्रांतांची, ती खूण.

पण त्या जानेवारीत मला यातलं काही माहीत नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी इव्हनसाँग, म्हणजे गाऊन केलेली सायंउपासना, होतं, आपण चौघं शेवटच्या बाकावर बसलो होतो. स्तोत्र सुरू झालं. एका सुरावर शब्द सरसर पुढे जातात, चरणाच्या शेवटी तीन-चार सुरांत वळण घेऊन थांबतात, मग पुढचा चरण. मला आजी आठवली. जात्यावरची ओवी ती अशीच म्हणायची, शब्द जास्त असले तरी सुरात बसवायची, शेवटाला वळण द्यायची. परक्या गावात, परक्या भाषेत तेच वळण ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. आजोबा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

उपासनेनंतर कॉफीच्या वेळी क्वायरमधले ते बासवाले, खालच्या सुरात गाणारे, आजोबा माझ्याकडे आले. तुझे लाडके, खिशात पेपरमिंट ठेवणारे. मला म्हणाले, "मी वरून बघत होतो. तुमचे ओठ हलतात, आवाज येत नाही. गुरुवारी या. माझ्या शेजारी बसा आणि जेवढे सूर येतील तेवढेच गा." मी म्हटलं, मला स्टाफ, ती पाच रेघांवरची स्वरलिपी, वाचता येत नाही. ते म्हणाले, त्यांनाही सुरुवातीला येत नव्हतं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं: तेराव्या वर्षी त्यांचा आवाज फुटला, वर्षभर त्यांनी मिरवणुकीत क्रूस धरला, ऑर्गनवाल्याची पानं उलटली, आणि एका इस्टरला उघडा गळा घेऊन मागच्या रांगेत येऊन उभे राहिले. तिथे ते साठ वर्षांहून जास्त उभे होते.

तर मी आलो. आणि मला स्टाफ कुणी शिकवला? तू. याच टेबलावर, दुधाच्या पेल्याशेजारी निळं गीतपुस्तक उघडून. ७२० गीतं त्यात, आणि तू मला पहिल्या आठवड्यात एकाच गीताच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून 'बाबा, हा सा समजा' असं शिकवलंस. अकरा वर्षांचा होतास. मी सरगम पेन्सिलने खाली लिहीत होतो आणि तू ती दर आठवड्याला थोडी थोडी खोडत होतास, मला वाचायची सवय लागावी म्हणून. कित्येक पानांवर ते पुसट सा-रे-ग अजून दिसतात.

गेल्या लेंटमध्ये, इस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, ते बासवाले आजोबा गेले. लेंटमध्ये आपण हालेलूया म्हणत नाही, पाच आठवडे तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पण दफनविधी ही पुनरुत्थानाचीच उपासना, असं प्रार्थनापुस्तक सांगतं. आपण मातीला मिळणारी माणसं, तरी कबरेच्या तोंडाशीसुद्धा हालेलूया म्हणतो. त्या दिवशी शवपेटीजवळ आपण तो म्हटला. तू पुढे उभा राहून वर म्हणत होतास, मी मागे खाली म्हणत होतो, आणि माझ्या उजवीकडची जागा रिकामी होती. पेटीवरचं पांढरं वस्त्र एका बाजूला थोडं सरकलं होतं, आपली चिमी हळूच पुढे जाऊन ते सारखं करून आली. तेव्हा रेक्टरबाईंनी, आपल्या पाळकबाईंनी, तिच्या डोक्यावर हात ठेवला तो तू पाहिलास की नाही, ठाऊक नाही.

उन्हाळ्यात आपण बोस्टनजवळ गेलो, चार्ल्स नदीकाठच्या त्या मठात. तुला कंटाळा आला असेल म्हणून मी तेव्हा फार सांगितलं नाही. ते काउली फादर्स, अँग्लिकन संन्याशांचा संघ. त्याच संघाने पुण्यात १८८५ साली पंचहौदचं पवित्र नाम देवालय उभारलं, जिथे मी, तुझे आजोबा आणि तू, तिघांचाही बाप्तिस्मा झाला. मठात मोजकेच ब्रदर होते, केस पिकलेले, आणि दुपारचं स्तोत्र साध्या एका सुरात म्हणत होते. कुणाचा आवाज मोठा नव्हता. एकाचा तर कापत होता. तरी शेजारचा त्याला धरून होता आणि चरण पडू देत नव्हता. मी तेव्हा तुझ्याकडे पाहिलं. तू त्यांच्याबरोबर अगदी खालच्या आवाजात गुणगुणत होतास. खालचा सूर होता तो, पिंट्या. तुला कळलं नसेल, मला कळलं. तुझा खर्ज उघडतोय.

मास्तरांशी मी काल बोललो. रागावू नकोस. ते कडवं यंदा एक लहान मुलगी म्हणेल, दहा वर्षांची, ती घाबरलेली आहे. मास्तरांना तू नाताळपर्यंत ऑर्गनजवळ पानं उलटायला हवा आहेस, कारण स्टाफ वाचत पुढे पळणारं त्यांच्याजवळ तुझ्याइतकं तयार कुणी नाही. त्या मुलीला कुठे श्वास घ्यायचा हे दाखवशील का, असंही त्यांनी विचारलंय. आणि सूर जसजसे येतील तसतसे मागच्या रांगेत. चार येवोत, पाच येवोत. बाकीच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी चालतं. हसणाऱ्या मुलाने त्यांच्याकडे येऊन स्वतःहून माफी मागितली आहे. तुझ्याशी बोलायला त्याला लाज वाटतेय.

तुला सोडायचंच असेल तर मी अडवणार नाही, आईही नाही. पण 'घसा दुखतो' म्हणून सोडू नकोस. मी तसं सोडलं होतं.

त्या बासवाल्या आजोबांचा तेवीस नंबरचा फोल्डर रॅकवर आहे, माझ्या बाविसाच्या शेजारी. त्यांच्या घरच्यांनी त्यांची पेन्सिलही त्यातच राहू दिली आहे, दातांचे ठसे असलेली. गुरुवारी मी पावणेसातला गाडी काढतो. आणि एक काम आहे: नव्या मॅग्निफिकॅटच्या, मरियेच्या स्तुतिगीताच्या, तिसऱ्या पानावर बासला सात मात्रा थांबून यायचं आहे, मी दर वेळी सहाव्यालाच येतो. उद्या संध्याकाळी जरा बसून मोजून दे.

तुझा,
बाबा