गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावरचा त्याच नावाचा चित्रपट 2015च्या दिवाळीत आला. त्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चित्रपटाने तरुण प्रेक्षकाला नाट्यसंगीताकडे वळवले हे लेखकाचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. आमच्या सोसायटीतली शाळकरी मुले गणपतीत ‘सूर निरागस हो’ म्हणतात तेव्हा फार बरे वाटते. जुन्या रसिकांनी ‘नाटकाची सर नाही’ म्हणून या चित्रपटाला नाक मुरडले, ते मला तेव्हाही पटले नव्हते. संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी मूळ नाटकाचे संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींचा मान राखला आणि शेजारी आपली नवी गाणीही बेताने ठेवली. सुबोध भावे यांचे दिग्दर्शनातले ते पहिले पाऊल होते, हे सांगूनही खरे वाटत नाही.

तरीही पडद्यावर गाणारा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, ही गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे आणि लेखात तिचा उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

संगीत नाटकात जो भूमिका करतो तोच गातो. 1967 साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक रंगमंचावर आले तेव्हा खाँसाहेब या घमेंडी गवयाच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे होते. त्यांचा प्रयोग ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, तानेआधी छाती भरून घेतलेला श्वास पुढच्या रांगांतून दिसायचा. डोळे बारीक व्हायचे, हात हवेत एखादी जागा धरून ठेवायचा आणि मग गळा सुटायचा. खाँसाहेबांची घमेंड, त्यांची तगमग, समोरच्याला हरवण्याची भूक हे सगळे त्या तानेतच होते. तिथे अभिनय आणि गाणे वेगळे काढता येत नव्हते.

चित्रपटात सचिन पिळगांवकरांनी खाँसाहेब मनापासून उभे केले आहेत. त्यांची नजर आणि उर्दूचा लहेजा, दोन्ही उत्तम. पण गळा राहुल देशपांडे यांचा. तरुण गायक सदाशिव झालेत सुबोध भावे आणि गळा महेश काळे यांचा. ‘सुरत पिया की’ पुन्हा एकदा नीट पाहा. तान वर चढते, पण गळ्याची शीर ताणलेली दिसत नाही. जबडा सुरांच्या मागून हलतो. कॅमेराही मग तबल्याकडे, दरबाराकडे वळत राहतो. कान थरारतात, डोळे मात्र कोरडे राहतात. आणि त्याच चित्रपटात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गवई पंडितजी झालेले शंकर महादेवन गायला लागले की कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलवावासा वाटत नाही, कारण सूर तिथूनच निघतोय यावर आपला विश्वास बसलेला असतो. त्याआधी त्यांनी कधी अशी भूमिका केली नव्हती, तरी कुठे अडले?

मला हळहळ वाटते ती याची की गळे शोधायला कुठे लांब जायचेच नव्हते. 2010 साली हेच नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे सदाशिव. दोघेही या भूमिका पेटीच्या, तबल्याच्या साथीने, समोर भरलेल्या नाट्यगृहाच्या साक्षीने जगले होते. महेश काळे यांना ‘अरुणी किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पडद्यावर ते गाणे गाताना दिसतो चेहरा दुसऱ्याचा. पुढे 2022 मध्ये ‘मी वसंतराव’ आला. त्यात राहुल देशपांडे आपल्या आजोबांच्या, म्हणजे पं. वसंतरावांच्या भूमिकेत स्वतः उभे राहिले, स्वतः गायले आणि त्या गाण्यासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गवई पडदा पेलू शकतो याचा आणखी काय पुरावा हवा?

निर्माते म्हणतील, ओळखीचा चेहरा लागतो, पैसे घातलेले असतात. मान्य. पण ‘कट्यार’ला लोक गाण्यांसाठी गेले होते, पुन्हा पुन्हा गेले तेही गाण्यांसाठीच. आणि ही काही नवी, अवघड मागणी नाही. प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतः गायले. नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करून आलेला तो नट, अभंग म्हणताना तुकारामच वाटतो. अलीकडे हॉलिवूडनेही ‘ले मिझराब्ल’ या गाजलेल्या संगीतिकेचा 2012 साली चित्रपट केला, तेव्हा नटांच्या कानात पियानोचे सूर ऐकवून त्यांना सेटवरच गायला लावले. काहींचे गळे तिथे कमी पडले, पण रडताना फुटलेला आवाज त्याच नटाचा होता.

2025च्या सुरुवातीला ‘संगीत मानापमान’ही पडद्यावर आला. म्हणजे संगीत नाटकांकडे चित्रपटवाल्यांचे लक्ष आहे, ही आनंदाचीच गोष्ट. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मत्स्यगंधा’ अजून वाट पाहत आहेत. कोणी हात घालणार असेल तर पात्रनिवड गळ्यापासून सुरू करावी, अभिनयाची तालीम नंतर करून घ्यावी आणि निदान एक पद तरी सेटवर, साथीदारांसह, सलग गाऊन घ्यावे. आपल्याकडे आज गाणाऱ्या तरुण नटनट्या आहेत. नाट्यसंगीताच्या स्पर्धांना एकदा जाऊन बसा, नावे आपोआप हाती लागतील.

आपला,
एक नाट्यसंगीतप्रेमी वाचक, सांगली